डाव्या मुठीचं पाऊल

आमच्या मांजरीचं ठाम मत आहे की भाद्रपदात घरात जी आरास होते ती तिच्यासाठीच होते. माळ्यावरून खोकी उतरतात ती तिने आत बसून पाहावीत म्हणून. ठेवणीतल्या साड्यांना ऊन दाखवतात ते तिला लोळायला मऊ मिळावं म्हणून. विजेच्या माळांचा गुंता सोडवायला मी तासभर फरशीवर मांडी घालून बसतो, तो तिच्याशी खेळायला. आणि मग घरभर माणसं येऊन हात जोडतात, तोंड भरून कौतुक करतात, तेव्हा ती फ्रिजवर पुढचे पाय पोटाखाली घेऊन बसलेली असते आणि ते सगळं कौतुक बिलकूल न लाजता स्वीकारते. मी शाळामास्तर आहे. गर्वाने फुगलेले चेहरे रोज पाहतो, त्यातले काही तर स्टाफरूममध्येच असतात. पण इतका निवांत गर्व मी दुसऱ्या कोणाच्या तोंडावर पाहिलेला नाही.

तिला नाव नाही. आई तिला 'बाई' म्हणते. "बाई जेवली का?" असं आईने विचारलं की नवख्या पाहुण्याला वाटतं, सुनेची चौकशी चालली आहे. बायको म्हणते, माझी चौकशी एवढ्या मायेनं कोणी केली असती तर मी पण फ्रिजवर जाऊन बसले असते.

आमचं घर चिखलीत, माझी शाळा उंद्रीकडे. बायको देऊळगाव राजाच्या पलीकडची, जालन्याच्या वाटेवरची. तिच्याकडे सासूला 'आत्या' म्हणतात आणि 'करून राह्यले' ऐवजी 'करायलेत' म्हणतात. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी दोघींनी आपापली बोली सोडलेली नाही आणि दोघींचं एकमेकींशिवाय पानही हलत नाही. मधल्यामधे माझं बोलणं तेवढं धड इकडचं ना धड तिकडचं झालं आहे.

आमच्याकडे गौरींना महालक्ष्म्या म्हणतात. दोघी बहिणी, थोरली आणि धाकटी. पितळेचे मुखवटे, कापडाचे हात, आणि धड म्हणजे पत्र्याच्या दोन उंच पोकळ कोठ्या. कोठ्यांना साड्या नेसवायच्या, दागिने घालायचे, वर मुखवटे बसवायचे, आणि डोक्यावर करंज्या-पापड्यांचा फुलोरा टांगायचा. मखर माझ्याकडे असतं. पुठ्ठे कापून, त्यांना जुन्या साड्यांचे काठ चिकटवून मी जे मखर करतो, त्याबद्दल मला स्वतःलाच फार अभिमान आहे. हे मीच सांगून टाकतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

पावलांचा मान मात्र आईचा. अंगणातल्या तुळशीपासून ओट्यावरून, उंबरा ओलांडून थेट मखरापर्यंत लक्ष्मीची पावलं लागतात. भिजवलेले तांदूळ वाटून त्यात कुंकू कालवायचं. मूठ आवळून करंगळीकडची बाजू त्या गुलाबी पिठात बुडवायची आणि फरशीवर टेकवायची. टाच आणि तळवा उमटतो. वरून बोटाने पाच ठिपके दिले की पाऊल झालं. उजव्या मुठीने उजवं पाऊल उमटतं, डाव्या मुठीने डावं. उजव्या मुठीने डावं काढून पाहा, अंगठा भलत्याच बाजूला येतो. आणि आमच्या घरात दोन्ही पावलं एकाच बाईच्या मुठींची लागतात. अर्धी हिची, अर्धी तिची, असं चालत नाही. हे कोणत्या पोथीत लिहिलं आहे ते मला माहीत नाही. आईला तिच्या सासूने सांगितलं, आईने मानलं आणि चाळीसेक वर्षं निभावलं.

गेल्या वर्षी संक्रांतीच्या आधी एका सकाळी आई दोन्ही हातांनी परात उचलायला गेली आणि डावा हात आलाच नाही. लकवा. दवाखाना झाला, औषधं झाली. पाडव्यापर्यंत पाय बऱ्यापैकी सुधारला, काठी टेकत आई घरात फिरायला लागली. हात मात्र मांडीवर पडून राहिला, बोटं आत वळलेली. व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. तिने एक लाल रबरी चेंडू दिला. "दाबायचा आणि सोडायचा, आजी," ती आईला म्हणाली. "दाबणं लवकर जमेल. सोडणं अवघड जातं, पण सोडता आलं पाहिजे," असं ती मला वेगळं सांगून गेली. मी मान डोलावली आणि चेंडूवर लक्ष ठेवायची जबाबदारी स्वतःकडे घेतली. मास्तराला दुसरं काय येतं?

नागपंचमी झाल्यावर एकदा जेवताना आई म्हणाली, "यंदा पावलं मीच काढीन."



"अन् डावं पाऊल नाई उमटलं, तं मंग पावलं सुनेच्या हवाली. पुन्हा मी त्या पिठाले हात लावनार नाई."

"मला नकोत बया," बायको घाईने म्हणाली. "तुम्हीच काढा, आत्या. काय घाई हाय?"

"लंगडी लक्ष्मी घरात आनू का?" आई म्हणाली आणि भाकरी कुस्करायला लागली. एका हाताने.

मला भीती वाटली, ती इथेच सांगून टाकतो. त्या वर्षात आईच्या हातून एकेक काम सुटत गेलं होतं. भाकरी थापणं गेलं, वेणी घालणं गेलं, शेवया गेल्या. दर वेळी ती "राहू दे, करन ते सून" म्हणायची आणि तोंड फिरवायची. पावलं हे शेवटचं उरलं होतं. तेही स्वतःच्या तोंडाने देऊन टाकलं, तर मग ती दिवाणावर बसून राहील आणि आम्ही तिला चहा नेऊन देत राहू, एवढंच मला दिसत होतं. पण आईला 'अशी पैज लावू नको' म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

महालक्ष्म्यांना दोन दिवस होते तेव्हा मी विजेच्या माळा शोधायला दिवाण ओढला. माळा मिळाल्या नाहीत, लाल चेंडू मिळाला. धुळीने माखलेला, केसाळ, आणि त्यावर बारीक दातांच्या खुणा. किती महिने तिथे पडला होता देव जाणे.

माझा पारा चढला. "आई, हे काय? तू व्यायाम करूनच नाई राह्यली!"

"करून राह्यली."

"कशानं? चेंडू तं इथं पडला हाये."

"बाईनं घेतला. तिले आवडला."

झालं. वर्गात ओरडतो तसा मी ओरडलो. त्या मुलीने किती समजावून सांगितलं होतं, मी रोज विचारत होतो, आणि तू रोज हाव-हाव म्हणत होतीस, असं बरंच काही.  आई खुर्चीत बसली होती आणि मांजर तिच्या मांडीवर, डाव्या हाताखाली, डोळे मिटून पडली होती. मी ते पाहत होतो. पण मला दिसला तो फक्त एका आळशी मांजरीवर टाकलेला एक निकामी हात. शिकवण्यात माझी बावीस वर्षं गेली आहेत, तरी समोरचं कोण शिकत आहे ते मला ओळखता आलं नाही.

राग शांत झाल्यावर मी तोडगा काढला. बाजारातून सोनेरी पावलांचं पाकीट आणलं. मागचा कागद काढा आणि चिकटवा. विचार असा की आईचं डावं पाऊल उमटलं नाही तरी फरशीवर आधीच जोडीने पावलं असतील, म्हणजे विषयच मिटेल. दुसऱ्या दिवशी पहाटे, सगळे उठायच्या आत, मी उंबऱ्यापासून सुरुवात करून तुळशीपर्यंत ती ओळीने चिकटवून टाकली आणि कमरेवर हात ठेवून पाहिली. झकास दिसत होती.

मांजरीला ती वेगळीच वाटली असावीत. तिच्या दृष्टीने ओट्यावर रातोरात चकचकीत मासे आले होते. तिने पहिल्याच्या कडेला नख लावलं, दुसऱ्यावर बसून पाहिलं आणि तिसरं तिच्या पंजाला चिकटलं. तिने पाय झटकला. ते निघेना. मग ती जी उधळली, ती ओट्यावरून घरात, घरातून न्हाणीत, तिथून साड्यांच्या गठ्ठ्यावरून परत अंगणात. लक्ष्मीचं एक पाऊल सगळं घर फिरून आलं.

त्या धडपडीने आई उठून काठी टेकत दारात आली. खाली पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"का रे, लक्ष्मीले घरातून बाहेर काढून राह्यला का?"

मी पाहिलं आणि कपाळाला हात लावला. मी उंबऱ्यापासून तुळशीकडे पुढे सरकत चिकटवत गेलो होतो. सगळ्या पावलांची बोटं तुळशीकडे. साक्षात लक्ष्मी, सोन्याच्या पावलांनी, आमच्या घरातून तरातरा निघून चालली होती.

बायको पदर तोंडाला लावून हसायला लागली. "मास्तर, काय करायलात हो हे? तिला एसटीत बसवून पण द्या आता." आईही हसली. किती दिवसांनी हसली. मी दुपारभर खोबरेल तेल लावून आणि उलथन्याने खरवडून ती पावलं काढत बसलो, आणि मांजर तुळशीच्या कट्ट्यावरून माझं काम तपासत होती.

त्याच संध्याकाळी कोठ्यांना साड्या नेसवल्या. थोरलीला हिरवी, धाकटीला जांभळी. आई खुर्चीतून सांगत होती, बायको निऱ्या घालत होती, आणि मी टाचण्या धरून उभा. मुखवटे बसायचे होते, त्यामुळे गळ्यापाशी दोन्ही कोठ्या उघड्याच होत्या. जरा पाणी प्यायला गेलो आणि परत येतो तर धाकटीला डोकं आलेलं. जांभळी साडी, गळ्यात पोहेहार, नथ अजून घालायची होती, आणि वर तीन रंगांचं, मिशांचं, अत्यंत प्रसन्न तोंड.

"आल्या पहा धाकल्या!" आई म्हणाली. "एक दिस आधीच आल्या."

मी तिला बाहेर काढायला गेलो तर ती कोठीच्या आत खोल गेली आणि आतून पत्रा वाजवायला लागली. तिचं म्हणणं उघड होतं. एवढं घर सजवायचं, एवढी माया करायची, आणि ऐन वेळी पितळेचं तोंड आणून बसवायचं? जे तोंड घरात राहतं, उंदीर धरतं आणि आजीजवळ दिवसभर बसतं, त्याचं काय? मला तेव्हा तो नुसता वात्रटपणा वाटला. आज वाटतं, तिचा हक्क निम्मा तरी खरा होता.

आवाहनाचा दिवस उजाडला. दुपारी चारच्या सुमाराला बायकोने पीठ कालवून वाटी आणून ठेवली. आईने नवं लुगडं नेसून, काठी भिंतीला लावून, तुळशीसमोर पाटावर बसकण मारली. पाट पुढे सरकवायचं काम माझं. शेजारच्या काकू संध्याकाळी मुखवटे आत आणताना येणार होत्या, तोवर आम्ही तिघंच. आणि मांजर.

आईने उजवी मूठ बुडवली आणि टेकवली. सुरेख पाऊल. पाच ठिपके दिले. दर वर्षीसारखं.

मग ती थांबली. डावा हात मांडीवर होता. बायकोने वाटीत बघत बसणं पसंत केलं. मी आकाशाकडे पाहिलं, जसं काही मला पावसाची काळजी होती.

"बाई," आई म्हणाली. "ये इकडं."

मांजर कट्ट्यावरून उतरली आणि शेपूट उंच करून आली. ती आईच्या डाव्या बाजूला येऊन बसली, अगदी ठरलेल्या जागेवर बसतात तशी. आईने खांद्यापासून जोर लावून डावा हात उचलला आणि तिच्या मानेवर ठेवला. तो हात स्वतः उचलला गेला आहे हे माझ्या लक्षात यायलाच दोन क्षण लागले. मग बोटं हळूहळू मिटली. मानेवरची कातडी मुठीत आली. आईने ती धरून ठेवली. मांजरीने थोडी वाट पाहिली, मान वळवली आणि आईच्या मनगटावर दात ठेवले. चावली नाही, नुसते ठेवले. आणि बोटं उघडली. एकेक करून, थरथरत, पण उघडली.

पुन्हा धरलं. पुन्हा दात. पुन्हा सोडलं.

"चेंडू चावत नाई," आई आमच्याकडे न पाहता म्हणाली. "पडून राह्यते मुठीत, सोडलं काय अन् नाई सोडलं काय. हिले सोडलं नाई तं हे चावते. म्हनून सोडनं आलं."

 म्हणजे त्या सगळ्या दुपारी, मी शाळेत आणि बायको ऑफिसात असताना, या दोघींची शाळा भरत होती. धर, सोड. धर, सोड. आणि मी ओरडलो होतो त्या दिवशीसुद्धा ती त्या मांजरीच्या केसांत बोटं हलवत असणार. सांगितलं का नाही, असं मी नंतर विचारलं, तर म्हणाली, जमलं नसतं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं.

आईने डावी मूठ आवळली. मी आधार द्यायला पुढे झालो.

"हात लावू नको."

मूठ पिठात बुडाली. बाहेर आली तेव्हा कोपरापर्यंत हात कापत होता, पीठ ठिबकत होतं. तिने दात आवळले आणि मूठ फरशीवर टेकवली, म्हणजे जवळजवळ आपटलीच. उचलली. खाली पाऊल होतं. बाक नसलेलं, गोल, फुगीर, टाच कुठे आणि तळवा कुठे ते कळत नव्हतं. उजव्या हाताच्या बोटाने तिने त्यावर पाच ठिपके दिले. खरं सांगायचं तर ते लक्ष्मीपेक्षा मांजरीच्याच पंजासारखं दिसत होतं. पण डावं होतं. आईच्याच डाव्या मुठीचं होतं.

बायकोने वाटी खाली ठेवली आणि सरळ रडायला लागली. "रडू नको, पीठ पातळ होईन," आई म्हणाली. मग मला म्हणाली, "पाट सरकव."

मी पाट सरकवला. उजवं, डावं. उजवं, डावं. मध्ये मध्ये ती थांबायची, हात मांडीवर ठेवून श्वास घ्यायची, आणि मांजरीला पुन्हा एकदा धरून सोडायची. ओट्याच्या पायरीवर दोनदा मूठ निसटली, तिथे नुसते गुलाबी फराटे राहिले. आईने ते तसेच ठेवले आणि पलीकडे नव्याने काढलं. मी आयुष्यात आईचा अभिमान पुष्कळदा बाळगला आहे, पण तो असा मनातल्या मनात, परगावी कोणाला सांगण्यापुरता. त्या दिवशी तिच्यामागे वाकून पाट ढकलताना मला रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारून आत बोलवावंसं वाटत होतं. मखरासमोर शेवटचं पाऊल पडलं तेव्हा दिवेलागण झाली होती.

मांजरीला एवढा वेळ धीर होता हेच नवल. शेवटच्या पावलानंतर ती उठली, वाटीच्या कडेला सांडलेल्या पिठात पाय दिला आणि आरामात डाव्या ओळीच्या कडेकडेने बाहेर चालत गेली. फरशीवर बारीक फुलांची एक रांग उमटली. मी फडकं घेऊन धावलो.

"पुसू नको," आई म्हणाली. "शायेतला मास्तर तू. घरातली मास्तरीन हे हाये."

काकू आल्या. बायकोने थोरलीचा मुखवटा ताटात घेतला, काकूंनी धाकटीचा, आणि दोघी तुळशीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मी घंटा वाजवायला. आई आत, मखराजवळ खुर्चीवर. आमच्याकडे आत बसलेल्या बाईने विचारायचं आणि आणणारीने उत्तर द्यायचं, उंबऱ्यापाशी. उत्तरं ठरलेली असतात. आजवर कधी कोणी बदललेली नाहीत.

दोघी पावलांवरून एकेक पाऊल टाकत आल्या. बायको खाली बघत चालत होती. गोल पावलापाशी दर वेळी किंचित थांबत होती, पाऊल पुसलं जाऊ नये म्हणून कडेने पाय टाकत होती. उंबऱ्यापाशी ताट सावरून ती उभी राहिली.

"कोन आलं?" आईने आतून विचारलं.

"महालक्ष्म्या आल्या."

"कशाच्या पावलानं आल्या?"

'सोन्याच्या पावलानं' म्हणायचं असतं. बायकोने तोंड उघडलं आणि खाली शेवटच्या गोल पावलाकडे पाहिलं. काकू तिच्याकडे पाहायला लागल्या. मी घंटा धरून तसाच उभा राहिलो. मग ती मोठ्याने, गल्लीत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली,

"दोन्ही पावलांनी आल्या, आत्या. दोन्ही पावलांनी!"

आईचा पुढचा प्रश्न राहूनच गेला. तिने मान खाली नेली आणि डावा हात वर आणला. हाताची आणि चेहऱ्याची गाठ मध्येच कुठेतरी पडली आणि तिने डोळे पुसले. मुठीवरचं ओलं पीठ गालावर लागलं, कानापर्यंत गुलाबी पट्टा उमटला.

मी घंटा ठेवली आणि रुमाल काढून पुढे झालो. तिने त्याच हाताने मला बाजूला केलं.

"राहू दे," ती म्हणाली. "लोकायले दिसू दे."